कार्डावरची तिसरी ओळ

आमच्या शाळेच्या दारावर कॅमेरा आहे आणि दार उघडायचं बटण माझ्या टेबलावर आहे. बाहेर कुणी घंटी वाजवली की मी स्क्रीनवर चेहरा बघते, काय काम आहे ते विचारते आणि बटण दाबते. नागपूरजवळच्या ज्या शाळेत माझे बाबा हेडक्लार्क होते, तिथे दाराला कडीच नव्हती. पालक येत, विद्यार्थी येत, एकदा तर गाय थेट ऑफिसात येऊन हजेरीपटाचा कोपरा खाऊन गेली होती. इथे मात्र माझ्या बोटाशिवाय मुंगी आत येत नाही. सुरुवातीला मला त्याचा थोडा रुबाबच वाटायचा, खोटं कशाला बोलू?

हे शहर अमेरिकेच्या दक्षिण भागातलं, आणि तेही लहान. एक कोर्ट, एक मोठं हॉस्पिटल, पन्नासेक चर्चेस आणि गावाबाहेर दोन चिकनचे कारखाने. वारा त्या बाजूचा असला की धुतलेले कपडे बाहेर ठेवायची सोय नाही. माझा नवरा हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात आहे. त्याच्या व्हिसावर मी आले, पुढे मला काम करायची परवानगी मिळाली आणि मी सरकारी प्राथमिक शाळेच्या ऑफिसात चिकटले. आमची मुलगी याच शाळेत पाचवीत आहे. इथली निम्मी मुलं घरी स्पॅनिश बोलतात. त्यांचे आईवडील ग्वातेमालाहून, मेक्सिकोहून, होंडुरासहून आलेले. पहाटे उठून कारखान्यात कोंबड्या कापतात आणि दुपारी मुलांना न्यायला येतात. माझा रंग पाहून ते माझ्याशी थेट स्पॅनिशच सुरू करायचे. पहिलं वर्ष मी नुसती मान डोलावली, दुसऱ्या वर्षी शिकायला लागले. आता कामापुरतं येतं, पण चुका फार. इथे मला सगळे 'मिस' म्हणतात.

माझा स्वभाव आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. मला कागद नीटनेटका लागतो. बाबांच्या तालमीत वाढले. ते म्हणायचे, शाळेच्या रजिस्टरात एक नाव चुकलं तर तो माणूस जन्मभर अॅफिडेव्हिट करत फिरतो. ते खरंही होतं. दहावीच्या फॉर्मच्या वेळी किती तरी बाप आमच्या अंगणात दाखला हातात धरून रडवेले उभे असायचे. त्यामुळे कुणी घाईत भरलेला फॉर्म दिला की माझं डोकं सणकतं, आणि मी तो स्वतःच्या पद्धतीने सरळ करून टाकते. विचारत वगैरे नाही.

मागच्या ऑगस्टमध्ये प्रवेशाच्या दिवसांत मी ऑफिसात एकटी होते. माझ्याबरोबरच्या बाई इथल्याच, तीस वर्षं याच टेबलावर बसलेल्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून त्या महिनाभर रजेवर होत्या. नव्या मुलांचे फॉर्म माझ्याकडे आले. त्यात पहिलीतली एक मुलगी होती, दोन वेण्या घातलेली, पुढचे दोन दात पडलेले. तिच्या आईने वरच्या ओळीत तीन शब्द लिहिले होते. मी बघितलं आणि मनाशी म्हटलं, वा, आमच्यासारखंच! मुलीचं नाव, मग बापाचं नाव, मग आडनाव. मधला शब्द मी मधल्या नावाच्या चौकटीत टाकला आणि शेवटचा आडनावाच्या. अशी आठ-नऊ मुलं मी त्या आठवड्यात भरली. सगळ्या चौकटी भरलेल्या, एकही रिकामी नाही. स्क्रीनकडे बघून मला फार समाधान वाटलं होतं.

आता कुणालाही सांगते की त्यांच्याकडे आडनावं दोन असतात. पहिलं बापाकडून, दुसरं आईकडून, आणि माणूस ओळखला जातो तो पहिल्या आडनावाने. मी त्या मुलीचं बापाकडचं आडनाव मधल्या चौकटीत पुरून टाकलं होतं. हे इथल्या अमेरिकन क्लार्कने केलं नसतं. तिला निदान शंका आली असती, तिने विचारलं असतं. मला शंकाच आली नाही, कारण मला ते ओळखीचं वाटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तसं झालं माझं.

सहा महिने काही बिघडलं नाही. वर्गात बाई मुलांना पहिल्या नावाने हाक मारतात. दुपारी न्यायला येणाऱ्या गाड्यांच्या काचेत नंबरची पाटी लटकवलेली असते. पाटी दिसली की आम्ही त्या नंबरचं मूल बाहेर सोडतो. त्या मुलीच्या आईचा नंबर दोनशे अकरा. ती रोज पावणेतीनला निळ्या गाडीतून यायची, रांगेत चौथी-पाचवी. आडनाव लागतं ते फक्त ऑफिसच्या खिडकीवर. कुणी पाटीशिवाय आलं, तर ओळखपत्र बघायचं, नाव टाइप करायचं, मुलाचं कार्ड उघडायचं आणि न्यायला आलेल्या माणसाचं नाव त्यावर आहे का ते पाहायचं.

हिवाळा संपत आला होता. त्या दिवशी सकाळपासूनच शाळेचं वातावरण बिघडलेलं होतं. कपडे धुवायच्या दुकानाजवळ, कागद नसलेल्यांना पकडून नेणाऱ्या इमिग्रेशन खात्याच्या पांढऱ्या व्हॅन उभ्या आहेत, असं कुणीतरी कुणाला तरी कळवलं होतं. खरं होतं की अफवा, मला आजही माहीत नाही. पण पहिलीच्या वर्गात निम्मी बाकं रिकामी होती आणि ऑफिसचे दोन्ही फोन थांबत नव्हते. माझं मूल आत आहे ना, एवढंच विचारायचे लोक. मी हो म्हणायचे आणि पुढचा फोन घ्यायचे. आमची कागदपत्रं व्यवस्थित आहेत. तरीही नवऱ्याची नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा, हे डोक्यात कायम असतंच. त्यामुळे कुणी कुणाला हाकलतंय असं ऐकलं की मी आपोआप पर्समध्ये हात घालून माझं कामाच्या परवानगीचं कार्ड चाचपते.

एक वाजता घंटी वाजली. स्क्रीनवर एक माणूस. डोक्यावर टोपी, जॅकेटवर रंगाचे डाग. मी बटण दाबलं. खिडकीशी येऊन त्याने टोपी काढली, त्याच्या देशाच्या वकिलातीने दिलेलं ओळखपत्र पुढे केलं आणि मुलीचं नाव-आडनाव सांगितलं. म्हणाला, "पहिलीत आहे. मी बाप. तिला घरी नेतो."

एका कानाला फोन होता. मी ते आडनाव टाइप केलं. काही आलं नाही. पुन्हा टाइप केलं. नाही. आमच्या ऑफिसच्या प्रोग्रामला दुसरं काही समजत नाही, आडनाव जुळलं तर जुळलं.

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे?"

कॉम्प्युटरला सापडत नाही, थोडं थांबा, असं म्हणायला हवं होतं. तेवढं स्पॅनिश त्या घाईत मला सुचलं नाही. सुचलं ते एवढंच, "अशी मुलगी इथे नाही."

त्या माणसाचा चेहरा मी विसरू शकत नाही. तो खिडकीवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "सकाळी मी स्वतः सोडली. मिस, या दारातून आत गेली ती. कुठे आहे?"

आणि तेवढ्यात मागच्या दाराने शाळेचा पोलीस आत आला. तसा फार चांगला माणूस आहे. मुलं त्याच्या मुठीवर मूठ आपटल्याशिवाय वर्गात जात नाहीत. रोज एक वाजता तो कॉफी घ्यायला आमच्या ऑफिसात येतो, तसाच आला. कमरेला पट्टा, पिस्तूल, हातात कप. त्याने बापाकडे बघून मान हलवली, म्हणाला, "हाउ यू डुइंग, सर?"

बाप एक पाऊल मागे सरकला. त्याने माझ्याकडे पाहिलं, पोलिसाकडे पाहिलं, टोपी डोक्यावर घातली आणि वळून निघून गेला. बाहेर जायला बटण लागत नाही.

मला काय वाटलं ते लाज बाजूला ठेवून सांगते. मला राग आला. हे लोक पण ना, मी मनात म्हटलं, धड शाळेचं नाव माहीत नाही, दुसऱ्याच शाळेत आला असेल. मी फोनवरच्या बाईला उत्तर दिलं, फोन ठेवला आणि मग माझी नजर माझ्याच गळ्यातल्या बिल्ल्यावर गेली. त्यावर माझं नाव, नवऱ्याचं नाव, मग आडनाव. इथल्या लोकांना वाटतं ते मधलं माझंच दुसरं नाव आहे. पहिल्या वर्षी प्रिन्सिपॉल मॅडमनी मला नवऱ्याच्या नावाने हाक मारली होती, आणि मी घरी येऊन पोट धरधरून हसले होते.

मी पहिलीची यादी उघडली आणि आडनाव सोडून नुसती पहिली नावं वाचत गेले. सापडली ती. हजर. मधल्या चौकटीत तिच्या बापाचं आडनाव माझ्याकडे बघत होतं.

मी उठून पळत बाहेर गेले. पार्किंगमध्ये कुणी नव्हतं.

आता पेच काय होता ते सांगते. शाळा पावणेतीनला सुटते. साडेतीनपर्यंत मुलाला न्यायला कुणी आलं नाही आणि घरच्यांपैकी कुणाचा पत्ता लागला नाही, तर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बालकल्याण खात्याला फोन करायचा असा नियम आहे. एरवी तो नियम मला पटतो. पण काउंटीची माणसं आली की घराचा पत्ता विचारणार, आईबाप कोण, कुठे काम करतात, कागद दाखवा म्हणणार. ज्या घराने शाळेच्या कार्डाशिवाय कुठेही नाव लिहून दिलं नसेल, त्यांची फाइल माझ्या एका चौकटीपायी उघडणार होती.

बापाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. त्याच्या फोनवर शाळेचं नाव दिसत असणार, आणि त्याच शाळेने त्याला मुलगी नाही सांगून समोर पोलीस उभा केला होता. तो कशाला उचलेल? आईला लावला. बंद. कारखान्यात फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात. जेवणाहून परतलेल्या माझ्या टेबलाच्या जोडीच्या बाईंना मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हनी," त्या म्हणाल्या, "अशी किती केलीस?"

"आठ-नऊ."

"आधी ही निस्तरू. बाकीची उद्या."

पावणेतीन वाजले. मी बाहेर रांगेजवळ जाऊन उभी राहिले. थंडी होती, स्वेटर आतच राहिला होता. गाड्या पुढे सरकत होत्या, मी पाट्या वाचत होते. त्या दिवशी रांग छोटीच होती. दोनशे अकरा आली नाही. तीन वाजता शेवटची गाडी गेली आणि मी त्या मुलीला हाताला धरून ऑफिसात आणलं. बाकावर बसवलं, बिस्किटांचा पुडा दिला. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते. माझी मुलगी तिच्या शेजारी गृहपाठ करत बसली.

"मम्मी लेट आहे?" छोटीने मला इंग्रजीत विचारलं.

"थोडी," मी म्हटलं.

आमच्या बाई टेबलावर फोन पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. सव्वातीन झाले. मी मनात देवाला म्हणत होते की यातून सोडव, पुन्हा कधी कुणाची चौकट न विचारता भरणार नाही. मग एकदम सुचलं, की शाळेवर त्यांचा विश्वास नसेल, पण मुलीच्या आवाजावर असेल. मी माझा स्वतःचा मोबाइल काढला. पालकांना स्वतःच्या फोनवरून मेसेज करायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. तीन वर्षांत मी तो कधी मोडला नव्हता. मी फोन छोटीच्या तोंडाशी धरला आणि तिला म्हटलं, पप्पांना सांग तू कुठे आहेस.

ती फोनच्या अगदी जवळ येऊन स्पॅनिशमध्ये बोलली. "पापा, मी शाळेत आहे. ऑफिसात. मिसने बिस्किटं दिली. तू कधी येणार?" मग थोडं थांबून म्हणाली, "बिस्किटं चीजची आहेत."

तो निरोप मी दोन्ही नंबरांवर पाठवला. आमच्या बाईंनी खिडकीतून बाहेर बघत काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

साडेतीन वाजले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे. त्यांनी फोन उचलला, रिसीव्हर पुसला आणि परत ठेवला. "हे घड्याळ पुढे आहे," म्हणाल्या. "माझं मागे आहे. मी माझं धरते."

तीन छत्तीसला घंटी वाजली. स्क्रीनवर आई होती, डोक्यावर कारखान्यातली जाळी, पायात पांढरे रबरी बूट. बटण मी दोनदा दाबलं. ती आत आली ती थेट बाकापाशी जाऊन गुडघ्यांवर बसली आणि तिने मुलीचा चेहरा, हात, वेण्या, सगळं चाचपून बघितलं. रडली नाही. मुलगीच तिला विचारत होती, तू बूट का नाही काढलेस.

मी माझा बिल्ला हातात धरून माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगायला लागले. आमच्याकडे मध्ये बापाचं नाव असतं, मला वाटलं तुमच्याकडेही तसंच, चूक माझी, पोलीस कॉफीसाठी आला होता. तिने सगळं ऐकून घेतलं.

"त्याला वाटलं, तिला इमिग्रेशनने नेलं. मला निरोप ठेवला, शाळेकडे जाऊ नकोस," ती म्हणाली. "दोन तास गाडी घेऊन फिरतोय. प्रत्येक पांढऱ्या व्हॅनच्या मागे."

मला रडू आलं, आणि माझंच मला विचित्र वाटलं, कारण रडायचा हक्क तिचा होता. ती उठली, मुलीची बॅग खांद्याला लावली. दारापाशी थांबून म्हणाली, "शाळेच्या पत्रांवर नाव चुकीचं येतं ते आम्ही बघितलं होतं. वाटलं, शाळेला माहीत असेल. उगाच कशाला बोला."

ते वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मी नऊच्या नऊ नावं नीट केली, प्रत्येक घरी स्वतः फोन करून, विचारून.

आठवड्याने ती पुन्हा आली, यावेळी स्वच्छ कपड्यांत, केस विंचरून. म्हणाली, कार्ड बघायचंय. मी छापून खिडकीतून दिलं. मुलाला न्यायला कोण येऊ शकतं याच्या त्यावर तीन ओळी असतात. पहिल्यावर आई, दुसऱ्यावर बाप. तिसरी रिकामी होती. तिने पेन मागितला आणि माझ्या बिल्ल्यावर बघून, एकेक अक्षर काढत, तिसऱ्या ओळीत माझं नाव लिहिलं. मधलं नवऱ्याचं नावसुद्धा.

मी आमच्या बाईंकडे बघितलं. "नियमात बसतं का?"

"नाही म्हणून कुठे लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या, आणि उठून झेरॉक्सच्या खोलीत निघून गेल्या.

आई अजून तिथेच उभी होती. तिने आवाज खाली आणून विचारलं, "आम्ही दोघंही एखाद्या दिवशी आलो नाही, तर तुम्ही तिला किती दिवस ठेवाल?"

कार्डावर दिवसांची चौकट नाही. मला तिला खूप काही विचारायचं होतं. तुमची कुणी बहीण नाही का, चर्चमध्ये कुणी नाही का, मीच का? मीच तर तुमची मुलगी हरवली होती. पण ती उत्तरासाठी थांबली होती. मी म्हटलं, "लागतील तेवढे."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो भाजी चिरत होता. माझा नवरा नाकासमोर चालणारा माणूस. पार्किंगच्या पट्टीवर चाक आलं तर परत गाडी काढून लावतो.

"तू हो म्हणालीस?" त्याने सुरी खाली ठेवली. "अगं, आपलं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. उद्या कुणी विचारलं, तुमच्या घरी हे मूल कसं, तर काय सांगणार? मला एक फोन करायचा होतास यार."

"खिडकीशी उभी होती ती. फोन कधी करणार?"

"पण किती दिवस म्हणून सांगितलंस?"

मी सांगितलं. तो हात धुऊन बाहेरच्या खोलीत निघून गेला. भाजी मीच फोडणीला टाकली. पुढचे तीन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. तो चुकतोय असं मला एकदाही वाटलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

शनिवारी तो एकटाच दुकानात जाऊन आला आणि गाडीपाशी खटपट करत राहिला. मी खिडकीतून बघत होते. मागच्या सीटवर तो काहीतरी दाबून बसवत होता, पट्टा ओढून बघत होता, पुन्हा सोडत होता. आमची मुलगी बाहेर गेली.

"बाबा, आय ॲम टेन!" ती ओरडली. "मला बूस्टर सीट कशाला?"

"तुला नाही," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता त्याने पट्टा आणखी एकदा ओढून पाहिला. "पहिलीतल्या मुलांना उंच बसवायला लागते. रूल आहे."

त्याला आता दोन महिने झाले. रोज पावणेतीनला मी काचेशी उभी राहून पाट्या वाचते आणि दोनशे अकरा दिसेपर्यंत कुणाशी बोलत नाही. मागच्या सीटवर ती बूस्टर तशीच आहे. आमची मुलगी शेजारी अंग चोरून बसते, पण तिच्यावर दप्तर ठेवत नाही. मी रोज गाडीत बसताना आधी मागे वळून बघते, ती सीट रिकामीच आहे ना.